जुना टेम्पो: आधी ब्रेक, मग इंजिन

जुन्नर तालुक्यातल्या कुठल्याही बागायती गावात संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला चक्कर मारा. कुठल्या ना कुठल्या बांधाला एखादा जुना टेम्पो उभा असतो आणि हौद्यात टोमॅटोचे क्रेट चढत असतात. रंग उडालेला, फाळका दोरीने बांधलेला, पण रोज रस्त्यावर. त्यातल्या बऱ्याच गाड्या ‘चारशे सात’ असतात. टेल्कोने ही गाडी १९८६ साली बाजारात आणली. त्या काळात जपानी कंपन्यांशी भागीदारी करून आलेले चार-पाच हलके ट्रक बाजारात होते. त्यातले बहुतेक मागे पडले आणि चारशे सात मात्र खेड्यात घर करून राहिली. कारण साधे आहे. जुन्या चारशे सातचे इंजिन सरळ, चार सिलिंडरचे, डिझेलचा पंप यांत्रिक. संगणक नाही, सेन्सर नाही. तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळतात आणि गावातल्या मिस्त्रीला ती उघडता येते.

माझे काम पिकांचे आहे, गाड्यांचे नाही. पण माल बाजारात पोचल्याशिवाय पीक पदरात पडले असे म्हणता येत नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटोच्या भावाने उचल खाल्ली होती ते आठवा. त्या दिवसांत पहाटेचा बाजार चुकला म्हणजे काय होते, हे ज्याची गाडी रस्त्यात बसली त्यालाच विचारावे. म्हणून आज औषध-खताऐवजी जुन्या टेम्पोविषयी लिहितो आहे. जे लिहिले आहे ते चारशे सातला धरून आहे, पण जुनी पिकअप असो की दुसरी कोणती डिझेल गाडी, बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात.

भरलेली उतरते, रिकामी चढते

गाडीवाले शेतकरी भेटले की तक्रार एकच असते, ‘साहेब, गाडी ओढत नाही.’ मग पैसा हातात आला की तो इंजिनावर जातो. पण आपला माल कुठे जातो ते जरा बघा. जुन्नरकडून माळशेज उतरून कल्याण, नाशिककडून कसारा उतरून मुंबई, पुण्याकडून खंडाळा, कराड-पाटणकडून कुंभार्ली उतरून चिपळूण. आपण घाटमाथ्यावरचे लोक. आपली गाडी जाताना अडीच-तीन टन घेऊन डोंगर उतरते आणि येताना रिकामी किंवा थोड्या मालावर चढते. चढताना इंजिन कमी पडले तर तासभर उशीर होईल. उतरताना ब्रेक कमी पडला तर पुढचे लिहायला नको. म्हणून जुन्या गाडीवर खर्च करायचा क्रम माझ्या मते असा: पहिला ब्रेक, मग पुढची चाके आणि स्टिअरिंग, मग इंजिन गार ठेवणारी यंत्रणा, आणि इंजिनाची ताकद सर्वांत शेवटी. मिस्त्री लोकांना हा क्रम फारसा आवडत नाही, कारण मोठे बिल शेवटच्या कामात असते.

ब्रेकचे पायडल रोज आपल्याशी बोलत असते. ते काय म्हणते ते ओळखायला शिकावे.

पायडल स्पंजासारखे लागते आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येते, तेव्हा नळीत हवा गेली आहे किंवा लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले आहेत. आधी लायनरचे अंतर मिळवून घ्यावे, मग एअर काढावी. एअर काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. बाटलीत निघालेले तेल परत टाकीत ओतू नये, त्यात हवेचे बुडबुडे आणि घाण दोन्ही असतात.

पायडल दाबून धरले आणि ते सावकाश खाली खाली जात राहिले, पण बाहेर कुठेच तेल गळत नाही, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले असे समजावे. अर्धा मिनिट पाय दाबून धरण्याची ही परीक्षा गाडी उभी असताना कोणालाही करता येते. बाहेर गळती असेल तर ती बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला सापडते. टायरची आतली बाजू ओली आणि धूळ चिकटलेली दिसली की व्हील सिलिंडर गळतो आहे. त्या चाकाचे लायनरही तेलाने भिजलेले असतात. ते रॉकेलने धुऊन परत लावण्याची पद्धत आहे. तसे करू नका, भिजलेले लायनर बदलावेत, आणि एका चाकाचे बदलले तर त्याच एक्सलच्या दुसऱ्या चाकाचेही बदलावेत. नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते.

पायडल दगडासारखे कडक झाले, सगळा जोर लावूनही गाडी थांबायला मागत नाही, तर दोष बूस्टरकडे आहे. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा पंप बसवलेला असतो. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पायडल चार-पाच वेळा मारा, म्हणजे उरलेला व्हॅक्यूम संपेल. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पायडल थोडे खाली बसले पाहिजे. बसले नाही तर बूस्टर, त्याची रबरी नळी किंवा पंप यांपैकी काहीतरी गेले आहे. आधी नळी बघा. तिला चीर पडली असली तरी लक्षण तेच येते आणि खर्च सर्वांत कमी.

आता घाटातली गोष्ट. उतरणीला सारखा पाय ब्रेकवर ठेवला की ड्रम तापतात. जळका वास येतो, पायडल घट्टच लागते, पण गाडी धरत नाही. हे लायनर तापल्याचे लक्षण. आणि पायडल एकाएकी मऊ होऊन तळाला गेले तर ब्रेक ऑइल उकळले आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. जितके जुने, तितके त्यात पाणी जास्त आणि तितके ते लवकर उकळते. गाडीत वर्षानुवर्षे तेच तेल फिरत असेल, फक्त कमी झाले की वरून भर घातली जात असेल, तर पावसाळ्याआधी सगळे तेल बदलून घ्या आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत जा. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तकात डॉट ३, डॉट ४ असे जे लिहिले असेल तेच घालावे. ब्रेकच्या टाकीत चुकूनही इंजिन ऑइल किंवा डिझेल जाऊ देऊ नये. त्याने आतली रबरे फुगतात आणि सगळी ब्रेक यंत्रणा उघडावी लागते.

ज्या गिअरवर भरलेली गाडी चढली असती त्याच गिअरवर उतरवावी, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत अगदी शास्त्रीय आहे. गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकावा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून, काही शूर वीर तर इंजिन बंद करून घाट उतरवतात. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद. दोन-तीन ब्रेकनंतर पायडल कडक होणारच. वाचलेले डिझेल किती, तर एक-दोन कप चहाचे. ड्रम तापलेच तर बाजूला घेऊन चाकाला लाकडी ठोकळा लावून अर्धा तास थांबावे. तापल्या ड्रमवर पाणी ओतले तर ड्रमला तडा जातो. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावे.

एक पट्टा, चार कामे

पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. म्हणजे बघा, पंखा, पाण्याचा पंप, बॅटरीचे चार्जिंग आणि ब्रेकचा व्हॅक्यूम अशी चारही कामे पंख्याच्या त्या रबरी पट्ट्यावर अवलंबून. तुमच्या गाडीत रचना कशी आहे ते मिस्त्रीकडून एकदा दाखवून घ्या. तशीच असेल आणि घाटात पट्टा तुटला, तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागेल, मग तापमानाचा काटा चढेल आणि पायडल कडक होईल. लाल दिव्याकडे ‘चार्जिंगचे उद्या बघू’ म्हणून दुर्लक्ष करणारे ड्रायव्हर पुष्कळ भेटतात. दिवा दिसला की गाडी जागेवर थांबवून आधी पट्टा बघायचा.

पट्ट्याला आतल्या बाजूने भेगा पडल्या, कडा झिजल्या, किंवा तो काचेसारखा चकाकू लागला की बदलावा. दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर आत गेला पाहिजे. ढिला पट्टा घसरतो आणि चिरकतो. फार ताणलेला पट्टा पाण्याच्या पंपाची बेअरिंग खातो. काही शे रुपयांचा जादा पट्टा सीटखाली असू द्या, आणि त्याबरोबर अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करायचा नेमका पाना. पट्टा आहे पण पाना नाही, अशी माणसे रात्री रस्त्याच्या कडेला हात करत उभी असतात.

गाडी गरम का होते

हा विषय खरे तर आमच्या खात्याच्या जवळचा आहे. ज्या विहिरीच्या पाण्याने ठिबकच्या तोट्या क्षाराने बुजतात, तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या पाण्याच्या वाटांत त्याचा थर बसतो, चहाच्या जुन्या पातेल्याला बसतो तसा. मग नवा पंखा लावा, नवे झाकण लावा, गाडी तापायची थांबत नाही. रेडिएटर बाहेरून साफ करून, आतून धुऊन घ्यावा आणि पुढे शुद्ध केलेले पाणी व कूलंट डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळून घालावे. ठिबकसाठी आणलेले ॲसिड रेडिएटरमध्ये टाकून बघण्याचा मोह काही जणांना होतो. ॲसिड क्षाराबरोबर धातूही खाते. ते करू नये.

तशीच गोष्ट हळदीची. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकतात आणि गळती थांबतेही. रात्री आडरानात अडकला असाल तर जरूर टाका, माझी हरकत नाही. पण जी हळद भोक बुजवते ती बाकीच्या नळ्याही बुजवते. घरी आल्यावर पाणी काढून, धुऊन, डाग मारून घेतला पाहिजे. आमच्याकडे गाड्या त्या हळदीवर सहा-सहा महिने चालतात.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आणखी एक ठरलेला उपाय. ‘काढला की गाडी गार राहते’ असे सांगतात. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन तापायला वेळ लागतो, थंड इंजिन डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. काही इंजिनांत तर तो काढल्यावर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतो. थर्मोस्टॅट चांगला की वाईट हे घरच्या चुलीवर कळते. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याला बांधून आत सोडावा, बुडाला टेकू देऊ नये. पाणी उकळीला येण्याआधी त्याचे तोंड उघडले पाहिजे आणि थंड झाल्यावर बंद झाले पाहिजे. उघडला नाही तर नवा घ्या, पण ती जागा रिकामी ठेवू नका.

रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत धूळ, किडे आणि उसाचे पाचट अडकते. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला हलक्या धारेने धुवावे. जोराच्या धारेने पत्रे मुडपतात. झाकण मात्र इंजिन गरम असताना उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण फिरवताच वाफ थेट तोंडावर येते.

हे सगळे करूनही पाणी कमी होत राहिले तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी. थंड इंजिनाचे झाकण काढून गाडी चालू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले, तर त्या दिवशी गाडी हलवू नये. तशी चालवली तर हेडचे काम पूर्ण इंजिनाच्या कामावर जाते.

इंजिन उघडण्याआधी धूर बघा

ओतूरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याला गॅरेजमध्ये सांगितले गेले की गाडी काळा धूर सोडते, हाफ इंजिन करावे लागेल. त्याने दुसरीकडे दाखवले. एअर फिल्टर मातीने गच्च झाला होता आणि दोन नोझल खराब होती. तेवढ्या कामावर गाडी सुधारली. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तिथे आधी फिल्टर, मग नोझल, मग पंपवाल्याकडे पंपाची तपासणी. निळसर धूर आणि ऑइल कमी होणे म्हणजे ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले गेली असतील. पांढरा धूर थंडीत सकाळी चालू करताना आला आणि गेला तर काळजी नाही, गरम झाल्यावरही येत राहिला तर पाणी कुठून जाते ते बघावे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण काढल्यावर तिथून जोराने धुराचे लोट येत असतील तर मात्र रिंगा-लायनरचे काम आले असे समजा. तरीही पैसे देण्याआधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून आकडे कागदावर घ्या.

एअर काढण्याचे काम प्रत्येक गाडीवाल्याला आलेच पाहिजे. टाकी कोरडी पडली किंवा डिझेल फिल्टर बदलला की गाडी एअर धरते. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहावे. फेसाळ डिझेल जाऊन स्वच्छ धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळावा. फिल्टरच्या तळाला साचलेले पाणी पावसाळ्यात आठवड्याला सोडावे. इंजिन फिरत असताना नोझलच्या फवाऱ्यापुढे मात्र हात धरू नये, ती बारीक धार कातडी फोडून आत जाते.

पुढच्या चाकांचे थोडक्यात. चाक जॅकवर उचलून वरून आणि खालून धरून हलवा. खडखड हालले तर बेअरिंग किंवा किंगपिन. कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगून परत हलवा, तरीही हालले तर किंगपिनच. ग्रीसगनचे ग्रीस त्यात वेळेवर गेले असते तर ते काम बरेच लांबले असते. पुढे रिमोल्ड टायर लावू नयेत. टायरवर ‘२३१९’ असे चार आकडे असतात, म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जुना बाजारातून घेताना नक्षी बघतो तसे हे आकडेही बघा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. खाली लाकडी ओंडके द्या, विटा आणि दगड भाराने फुटतात.

वजन आणि कागद

नोंदणी पुस्तकात भरलेल्या गाडीचे एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमचा माल. २०१९ च्या कायदादुरुस्तीने जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे. पण दंड एकदा बसतो, पाटे आणि ब्रेक रोज भोगतात. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तंदुरुस्ती प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते संपलेले असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. मी वर सांगितलेली ब्रेकची कामे या तपासणीच्या महिनाभर आधी काढली तर एकाच खर्चात दोन्ही गोष्टी होतात.

गाडीत एक वही ठेवा. किती किलोमीटर, किती डिझेल, किती ऑइल वरून घातले, कोणता भाग कधी बदलला. ऑइल कधीपासून जास्त लागायला लागले हे वहीत दिसते, आठवणीत राहत नाही. मिस्त्री बदलला तरी नव्या मिस्त्रीला वही वाचता येते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी. खासगी शेतकऱ्याची गाडी पंधरा वर्षांवर गेली तरी तपासणीत पास होईल तोवर आपल्याकडे चालू शकते. सरकारी गाड्यांना ती सवलत नाही. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते, आणि त्यात पंचायतीच्या मालकीच्या गाड्याही येतात. तेव्हा पाण्याच्या टँकरच्या किंवा घंटागाडीच्या इंजिनाचे अंदाजपत्रक मासिक सभेत आले, तर त्यासोबत नोंदणी पुस्तकाची प्रतही मागून घ्या आणि पहिल्या नोंदणीची तारीख इतिवृत्तात लिहून मगच मंजुरीचे बघा.